रोखेधारकाला दार उघडं, गावकऱ्याला बंद

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,



भंडारा जिल्ह्याला कोर्टाची पायरी नवी नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं, तेव्हा खर्च ३७२ कोटी सांगितला होता. पुढे गावं उठली, धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. मोबदला कमी वाटला तर १८९४च्या भूसंपादन कायद्याचं कलम १८ होतं, दिवाणी न्यायालय होतं, वर नागपूर खंडपीठ होतं. न्याय उशिरा आला, कितीदा अपुरा आला. तरी प्रकल्पग्रस्ताला सरकारला प्रतिवादी करता आलं.

आता आशियाई विकास बँक पाहा. २०१९मध्ये तिने महाराष्ट्राच्या ३४ जिल्ह्यांतल्या ग्रामीण रस्त्यांसाठी २० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्यात आमचा भंडाराही आला. रस्ते हवेतच, तक्रार त्यांची नाही. पण उद्या बँकेच्या पैशातल्या एखाद्या कामाने कुणाचं शेत चिबाडलं, तर ठेकेदारावर, सरकारवर दावा लावता येईल, बँकेवर नाही. कारण आपल्याच संसदेने १९६६मध्ये कायदा करून बँकेच्या सनदेतल्या संरक्षणाला भारतात कायद्याचं बळ दिलं.

त्या सनदेतलं पन्नासावं कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. बँकेवर कोणतीही न्यायालयीन कारवाई होणार नाही, असं ते सांगतं आणि लगेच अपवादही देतं: बँकेने घेतलेली कर्जं, दिलेल्या हमी, रोख्यांची खरेदी-विक्री. म्हणजे बँकेला पैसे देणाऱ्याचं नुकसान झालं तर त्याला कोर्ट आहे. बँकेच्या पैशाने ज्याच्या शिवाराचं नुकसान झालं, त्याला नाही. ही वाटणी मला पटत नाही आणि ती बदलायला हवी.

अनेक देशांच्या मालकीच्या बँकेला एका देशाच्या कोर्टाने वेठीस धरू नये, हे कारण समजतं. तिची कागदपत्रं, तिची गंगाजळी सुरक्षित राहावी. पण मालाच्या, जिवाच्या हानीची भरपाई मागणं म्हणजे वेठीस धरणं नव्हे.

गुजरातेतल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी हा प्रश्न थेट अमेरिकेत नेला. मुंद्र्याच्या वीज प्रकल्पाला जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २००८मध्ये ४५ कोटी डॉलर दिले होते. प्रकल्पाने मासेमारी आणि पाणी बिघडवलं, अशी त्यांची तक्रार. महामंडळाच्या स्वतःच्याच लोकपालाने २०१३मध्ये देखरेखीतल्या चुका दाखवल्या. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की अशा संस्थांचं संरक्षण निरपवाद नाही. केवढा आनंद झाला असेल त्या किनाऱ्यावर! पण खटला परत खाली गेला आणि खालच्या कोर्टांनी तो ऐकायला नकार दिला: तक्रारीचं मूळ भारतात आहे, अमेरिकेत नाही. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पुन्हा लक्ष घातलं नाही.

मूळ भारतात, तर भारतातलं कोर्ट का नको?

बँकेची स्वतःची तक्रार यंत्रणा आहे, असं उत्तर मिळतं. जागतिक बँकेने कर्ज दिलेल्या धरणामुळे मणिबेलीसारखी आपली आदिवासी गावं नर्मदेत बुडत असताना झालेल्या लढ्यानंतर त्या बँकेने १९९३मध्ये तपासणी मंडळ नेमलं, हे खरं. पण असं मंडळ अहवाल देतं, तो बँकेच्याच संचालकांना. भरपाईचा हुकूम ते काढू शकत नाही.

आपण या बँकांच्या गव्हर्नर मंडळांवर भारताच्या प्रतिनिधी आहात. आशियाई विकास बँकेच्या पहिल्या चार भागधारकांत भारत आहे. विशेषाधिकार सोडण्याची मुभा तिच्या सनदेतच आहे. तेव्हा लोकांच्या जमिनीची, उपजीविकेची, जिवाची हानी झाल्यास बँकेने संरक्षणाचा दावा करू नये, असा प्रस्ताव पुढच्या वार्षिक सभेत मांडा. आणि तोवर प्रत्येक नव्या कर्जकराराची मराठी प्रत, तक्रार कुठे आणि किती दिवसांत करायची या माहितीसह, संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा आदेश काढा. त्यासाठी बँकेची परवानगी लागणार नाही.

आपला,
भंडारा जिल्ह्यातील एक नागरिक