जाड कापडावरील यंत्रभरत

मामंजी गेल्यापासून त्यांचा बनातीचा कोट पेटींत पडून होता. बाह्यांना कसर लागलेली, पाठ मात्र धड. त्यांच्या हार्मोनियमवर आतां नात शिकते. तेव्हां त्या पाठीच्या तुकड्याचें हार्मोनियमला आच्छादन करावें व त्यावर यंत्रानें कमळ भरावें, असें घरांत ठरलें. उतावीळपणानें आम्हीं तुकडा रिंगेंत कसून बसविला आणि यंत्र सुरू केलें. रिंग काढतांच कमळाभोंवतीं चुण्या पडल्या, आणि पाकळ्यांचें भरण व कडेची रेघ यांमधून बनात डोकावूं लागली. सुदैव एवढेंच, कीं कमळ एका टोकाला होतें. दुसऱ्या चुकीला मात्र जागा नव्हती.

मग टाकाऊ म्हणून बाजूस सारलेल्या बाह्याच आमच्या गुरु झाल्या.

चुण्यांचें मूळ रिंगेंत आहे. कसतांना जाड कापड ताणलें जातें व तशाच स्थितींत टाके पडतात. रिंग सुटली कीं कापड मूळ मापावर येतें. टाके येत नाहींत. म्हणून रिंगेंत नुसतें अस्तर (दुकानांत त्यास स्टॅबिलायझर म्हणतात) ताणून बसवावें, आणि बनात वर हातानें पसरून चोहों बाजूंनीं कच्च्या टाक्यांनीं टांचावी. दाट नक्षीला फाडून काढावयाचें अस्तर पुरत नाहीं. कापून काढावयाचें घ्यावें.

फटींचें कारण निराळें. टाका आपल्या दिशेनें कापड आंत ओढतो, त्यामुळें पाकळी संगणकावर दिसते त्याहून अरुंद उमटते. फट दिसली कीं टाके दाट करण्याचा मोह होतो. आम्हींहि तेंच केलें, आणि दुसरी बाही पहिलीहून वाईट झाली! दाट टाके कापड अधिकच ओढतात. ४० नंबरच्या धाग्याला ओळींमधील ०.४ मि.मी. अंतर पुरे. त्याऐवजीं नक्षींतच पाकळी दोन्ही कडांना ०.३ ते ०.४ मि.मी. रुंद धरावी, खालीं आधाराचे विरळ टाके आधीं घालावे, म्हणजे बनात अस्तराला धरून राहते. भरण मध्यापासून बाहेर न्यावें, आणि सर्व रेघा शेवटासाठीं न ठेवितां प्रत्येक पाकळीची रेघ तिच्या पाठोपाठ घालावी.

सुई ९०/१४ नंबरची, वेग मिनिटाला ६०० टाक्यांच्या आंतबाहेर. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं: जाड कापडाचें लोंबतें वजन रिंगेला ओढतें व रेघ सरकते. आम्हीं यंत्राशेजारीं पाट मांडून त्यावर कापड टेकविलें. इस्त्री शेवटीं, उलट्या बाजूनें, खालीं जाड पंचा घालून, वाफेची.

तिसऱ्या प्रयत्नास बाही साधली आणि दुसऱ्या दिवशीं आच्छादनावरचें कमळहि. पहिलें, चुण्यांचें कमळ आतां हार्मोनियमच्या मागल्या बाजूस लोंबतें. आम्ही तें कापणार होतों. सासूबाईंनीं कापूं दिलें नाहीं.