ओपन सोर्समध्ये नाव हवंय? मग आधी समोरच्याचा वेळ वाचवा

कर्ल हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण तुमच्या फोनमधली काही ॲप्स ते वापरत असण्याची शक्यता भरपूर आहे. इंटरनेटवरून डेटा आणायचा आणि पाठवायचा, हे त्याचं काम. जानेवारी २०२६ अखेर या प्रोजेक्टने सुरक्षेतल्या त्रुटी शोधणाऱ्यांना रोख बक्षीस देणं थांबवलं. कारण? एआयकडून लिहून घेतलेल्या, दिसायला भारी पण आतून पोकळ तक्रारींचा ढीग.

यात आपला काय संबंध? आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्टमध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. अनेकांनी रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द बदलून त्या पाठवल्या. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला: जे प्रोजेक्ट स्वतःहून सहभागी होतील, तेवढेच धरायचे. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेसच्या रीडमीत स्वतःचं नाव घालणाऱ्या रिक्वेस्टचा पूर आला. मुलं व्हिडिओ बघून शिकत होती, त्यातलीच स्टेप त्यांनी खऱ्या प्रोजेक्टवर करून पाहिली.

बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता. पण प्रत्येक रिक्वेस्ट कुणीतरी माणूस वाचतो, अनेकदा नोकरी सांभाळून, फुकट. अशा थकलेल्या माणसाचं काय होतं, ते एक्सझेड प्रकरणात दिसलं. एकट्याने प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत केली, विश्वास कमावला आणि मग कोडमध्ये चोरदरवाजा घुसवला. मार्च २०२४ मध्ये तो उघड झाला, तोही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न एका इंजिनिअरला पडला म्हणून.

म्हणजे आता नवख्याकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिलं जाणार. मग तळोद्यासारख्या गावातून सुरुवात करणाऱ्याने काय करायचं? माझं मत सरळ आहे: जे फक्त तुम्हालाच माहीत आहे, ते द्या.

उदाहरण घ्या ओपनस्ट्रीटमॅपचं. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा कुणीही सुधारू शकतं आणि मेटा, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्याही तो वापरतात. सॅटेलाइट फोटोत सातपुड्याच्या पायथ्याची घरं दिसतात, पण त्या पाड्याला लोक काय म्हणतात ते दिसत नाही. पावसाळ्यात कुठल्या फरशीवरून पाणी जातं आणि रस्ता बंद होतो, हे तिथल्या माणसालाच ठाऊक. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला नेमकं हेच लागतं.

अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट ॲप घ्या. रस्ता डांबरी की कच्चा, दुकानाचं नाव काय, असे प्रश्न ते जागेवरच विचारतं. कोडिंग शून्य. मात्र तीन गोष्टी पाळा. गूगल मॅप्सवरून काहीही कॉपी करू नका, लायसन्सचा प्रश्न येतो. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच भरा. आणि तुमच्या बदलावर कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्या, चूक असेल तर दुरुस्त करा.

ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक बदलाचा इतिहास तिथे नावासकट राहतो. सहा महिने नीट काम केलेलं आणि प्रश्नांना उत्तरं दिलेलं खातं लोक ओळखू लागतात. पुढे कोडकडे वळलात तर हीच सवय तिथेही उपयोगी पडेल. बायोडेटात पन्नास पोकळ रिक्वेस्ट दाखवण्यापेक्षा उघडून पाहता येईल असं हे एक खातं जास्त बोलतं.