विश्लेषण : मेंदूच्या स्कॅनमधले रंगीत डाग किती खरे?

‘प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग उजळतो’ अशा बातम्या अधूनमधून येतात. सोबत करड्या मेंदूवर लाल-पिवळा डाग. हा डाग कॅमेऱ्याने टिपलेला नसतो, तो संख्याशास्त्राच्या हिशेबातून आलेला असतो. २०१६ मध्ये या हिशेबावरच मोठं प्रश्नचिन्ह लागलं.

काय आढळलं?

स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठाचे आंडर्स एक्लुंड, हान्स क्नुटसन आणि ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठाचे थॉमस निकोल्स यांनी ४९९ निरोगी व्यक्तींचे आधीच उपलब्ध असलेले एफएमआरआय स्कॅन वापरले. ही माणसं स्कॅनरमध्ये नुसती पडून होती. त्यांचे कसेही गट पाडले तरी फरक दिसायला नको; योगायोगाने दिसलाच तर १०० पैकी ५ वेळा. एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय या प्रचलित सॉफ्टवेअरवर सुमारे ३० लाख विश्लेषणं केल्यावर काही पद्धतींत हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे काहीच नसताना ‘सापडलं’!

गोम कुठे आहे?

स्कॅनमध्ये मेंदूचे हजारो छोटे घन तुकडे पडतात. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांसारखे वागतात, जसा एका गावात पाऊस असला की बहुधा पलीकडच्या गावातही असतो. त्यामुळे एकत्र उजळलेल्या व्हॉक्सेलचा पुंजका किती मोठा असला की त्याची दखल घ्यायची, हे ठरवण्याआधी हा शेजार कुठवर पोहोचतो ते कळायला हवं. सॉफ्टवेअरनी गृहीत धरलं होतं की हे साम्य अंतरानुसार झपाट्याने ओसरतं आणि मेंदूभर सारखंच असतं. प्रत्यक्षात ते बरंच लांबवर टिकतं, जागेनुसार बदलतं. साहजिकच योगायोगानेही मोठे पुंजके तयार होतात. त्यात एएफएनआयमध्ये १५ वर्षं एक बगही होता. तो २०१५ मध्ये दुरुस्त झाला.

सगळं संशोधन बाद?

नाही. ‘४० हजार अभ्यास शंकास्पद’ हा मथळा जगभर फिरला, पण ते विधान लेखकांनीच पुढे मागे घेतलं. निकोल्स यांच्या अंदाजाने सर्वाधिक फटका सुमारे ३,५०० शोधनिबंधांना बसला. त्याहून गंभीर म्हणजे, सुमारे १३ हजार निबंधांत हजारो तुलनांसाठी लागणारी दुरुस्तीच नव्हती. (डॉक्टर गाठ किंवा पक्षाघातासाठी जो एमआरआय सांगतात, त्याचा या वादाशी संबंध नाही.)

पर्याय आहेत. सुरुवातीची चाळणी कडक केली की चूक बरीच घटते. गटांची लेबलं हजारो वेळा अदलाबदल करून तपासणारी ‘परम्युटेशन’ पद्धत शेजाराबद्दल असं काही गृहीतच धरत नाही आणि या चाचणीत ती बहुतांश ठिकाणी टिकली. ती वेळखाऊ, म्हणून पूर्वी टाळली जायची. मात्र जुन्या अभ्यासांची फेरतपासणी अवघड आहे, कारण अनेकांचा मूळ डेटा कधी खुला केलाच गेला नाही.