मावशी समोर बसली आहे, पण...

गेल्या नोव्हेंबरात मावशीला घेऊन हयातीच्या दाखल्यासाठी एका केंद्रावर गेलो होतो. काका गेल्यापासून तिला फॅमिली पेन्शन मिळते. तिने यंत्रावर बोट ठेवलं. जुळलं नाही. दहाही बोटं झाली. पन्नास वर्षं राखेने भांडी घासलेली बोटं ती, रेषा राहणार कुठून? चेहरा ओळखायची सोय २०२१ पासून आहे, पण तिथल्या पोराला ती चालवता येईना. शेवटी तो मला म्हणाला, "काका, या सिद्ध होत नाहीयेत."

अरे, मावशी समोर खुर्चीत बसली होती!

सगळ्या सरकारी सेवांना एकच लॉगिन हवं, असं आपण म्हणतो. मीही म्हणतो, माझ्या वहीत पाच खात्यांचे पाच पासवर्ड आहेत. २०१२ मध्ये 'ई-प्रमाण'चा आराखडा आला. सेवा जितकी नाजूक तितकी पडताळणी कडक, हे त्याचं सूत्र. २०२२ मध्ये ई-प्रमाण, जनपरिचय आणि डिजिलॉकर यांना एकत्र आणणारं 'मेरी पहचान' आलं. चांगलंच झालं.

पण एकच किल्ली म्हणजे ती लागली नाही तर सगळीच दारं बंद. खरा माणूस बाहेर अडकला तर काय, हे ज्या नियमात नाही तो नियम अर्धाच. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढलं होतं, की ठसे जुळले नाहीत म्हणून रेशनसारखे लाभ नाकारू नका. उत्तम! पण परिपत्रक सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा'च्या पुढे बटणच नसेल, तर त्या पोराने करायचं काय?

कोणी म्हणेल, पळवाट ठेवली की चोर शिरणार. चोरवाट आजही आहेच हो, फक्त ती ओळखीपाळखीवर चालते. म्हणून तर ती उघडपणे नियमात आणा. कोणत्या कर्मचाऱ्याने, कोणता कागद पाहून, स्वतःच्या सहीने ओळख पटवली याची नोंद ठेवा. हे बटण प्रत्येक सेवेत सक्तीचं करा.

दुसऱ्या दिवशी मावशीला बँकेत नेलं. तिथल्या बाईंनी पासबुक पाहिलं, मावशीकडे पाहिलं, समोर सही घेतली. पाच मिनिटं लागली. पेन्शनला निदान हा रस्ता आहे. एकच लॉगिन करायच्या उत्साहात तो 'जुना' म्हणून बुजवू नका, एवढंच मागणं आहे.