वकिलाने मन कुठे मोकळं करायचं?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण पोटासाठी जे रोजच ती पायरी चढतात, त्यांचं काय होत असेल? हा विचार आपण फारसा करत नाही.

माझे चार-पाच विद्यार्थी आज वकिली करतात. भेटायला येतात, पण कामाचा विषय निघाला की गप्प होतात. एका अर्थी ते बरोबरच आहे. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, हे बंधन कायद्याचंच आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही (कलम १३२) ते आहे. खटला संपला तरी बंधन संपत नाही.

पण मंडळी, गुपित अशिलाचं असतं. ताण वकिलाचा स्वतःचा असतो. भावाभावांची भांडणं, घटस्फोटात होणारी मुलांची ओढाताण, जामीन नाकारल्यावर दाराशी उभी असलेली आई... हे सगळं रोज बघून माणूस घरी येतो. कोणाचंही नाव न घेता "आजचा दिवस फार जड गेला" एवढं म्हणायला कुठलं कलम आड येतं? आड येते ती समजूत. वकील म्हणजे खंबीर, तो कसा खचेल! अशिलांना घाबरलेला वकील नको असतो, म्हणून हा मुखवटा घरीही उतरत नाही.

त्यात जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले पडून आहेत. तारीख पुढे गेली की अशिलाचा राग निघतो तो वकिलावरच.

नव्याने आलेल्या मुलामुलींची तर आणखी कठीण अवस्था. दिवसभर साहेबांच्या फायली उचलायच्या आणि महिन्याअखेरीस घरूनच पैसे मागायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. पण ती सूचना आहे, सक्ती नाही. माझ्या मते ती सक्तीच व्हायला हवी. खिसा रिकामा असताना मन शांत ठेवा असं सांगणं सोपं असतं.

ज्येष्ठ वकिलांनी ज्युनिअरला "ड्राफ्ट झाला का?" याबरोबर "झोप झाली का?" हेही विचारावं. आपण नातेवाइकांनी लग्नाच्या पंगतीत सातबाऱ्याचा फुकट सल्ला मागू नये. आणि फारच जड झालं तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे बोलण्यात कमीपणा नाही.

दुसऱ्याची बाजू मांडण्यात ज्यांचा जन्म जातो, त्यांना स्वतःची बाजू मांडायला घरात तरी एक हक्काचं माणूस असावं. तुमच्या घरात कोणी वकील असेल, तर ते माणूस तुम्हीच व्हा.