कोकण मोकळं आहे!

परवा आठवीतल्या एका पोरानं मला कायदा शिकवला. तोही मीच केलेला.

आमची सोसायटी खोपटला. खोपट म्हटलं की बाकीच्या ठाण्याला एसटीचा डेपो आठवतो, गणपतीत गावाला जाणाऱ्यांना तर जास्तच. आधी आमची चाळ होती. रिडेव्हलपमेंट झालं आणि टॉवर आला. चाळीला अंगण होतं, टॉवरला पार्किंग आहे. मॅनेजिंग कमिटीत बाकी सगळे साठीच्या पुढचे. 'याला लॅपटॉपवर मराठी टाइप करता येतं' या एकाच क्वालिफिकेशनवर मला आत घेतलंय.

तर जुलैमध्ये पोरांच्या फुटबॉलनं एका गाडीचा साइड मिरर फुटला. गाडी नवीन, चार हप्ते भरलेली आणि दुर्दैवानं माझी. माझं डोकंच सटकलं. त्याच रात्री नोटीस टाइप केली, प्रिंट काढली, लॅमिनेट करून लिफ्टपाशी लावली. 'सोसायटीच्या आवारात व पार्किंगमध्ये चेंडूने खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' ते 'हुकमावरून' लिहिताना काय सॉलिड वाटलं होतं, सांगतो!

महिन्याभरानं ऐरोलीहून ऑफिस आटपून आलो. पाऊस धो धो. पार्किंगमध्ये सात-आठ पोरं चेपलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीला लाथा मारत होती. दोन बादल्यांचा गोल. मी आवाज चढवला, ''नोटीस वाचता येते ना?'' त्यांच्यातला एक अगदी शांतपणे म्हणाला, ''काका, नोटिशीत चेंडू लिहिलंय. ही बाटली आहे.''

'काका' ऐकून पहिला धक्का बसला. दुसरा लिफ्टमध्ये बसला. सरांनी हे ऐकलं असतं तर त्या पोराच्या पाठीवर थाप मारली असती आणि माझा कान धरला असता.

सर म्हणजे आमचे भूगोलाचे सर. तुमच्याही शाळेत असे एक असतीलच. वेळापत्रकात एक विषय आणि जिवात दुसराच. आमच्या सरांच्या जिवात फुटबॉल होता. शाळा मराठी माध्यमाची, मैदान अर्धं. म्हणजे होतं पूर्ण, पण उरलेल्या अर्ध्यावर क्रिकेटवाल्यांचा वंशपरंपरागत हक्क. सरांनी त्यावर झकास फंडा काढला होता. क्रिकेट जूनमध्ये बंद पडतं ना? मग जून ते सप्टेंबर सगळं मैदान आपलं! अख्खं ठाणे छत्री उघडायचं तेव्हा आम्ही चड्ड्या वर खोचून चिखलात उतरायचो.

बॉल दोन. त्यातल्या एकाला सारखी हवा भरावी लागायची. बुटांचं एक पोतं होतं. मोठ्या मुलांना लहान झालेले स्टड सर त्यात जमा करायचे, खडूनं नंबर टाकायचे आणि ज्याचा पाय बसेल त्याला द्यायचे. सीझन संपला की धुऊन, वाळवून परत. मी तीन वर्षं कुणा अनोळखी दादाच्या बुटातून खेळलो. आई अजून सांगते, माझे मोजे धुतले की मोरीत शेतजमीन तयार व्हायची.

आणि कोचिंग? निव्वळ भूगोल! सरांच्या लेखी मैदान म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा. डावी कड कोकण, उजवी कड विदर्भ, मधला सगळा देश. फुटबॉल नवीन शिकणारी पोरं काय करतात? बॉल दिसला की सगळी त्याच्यावर. मधमाश्यांसारखी. मग सर टचलाइनवरून छत्री हलवत ओरडायचे, ''अरे, देशावर काय जत्रा भरलीय? कोकण मोकळं आहे, कोकण!'' कुणी बॉल घेऊन एकटाच पळत सुटला तर, ''विदर्भाला पण द्या रे काहीतरी, किती वर्षं वाट बघायची त्यांनी!'' पोरं हसायची, पण पसरायची. गेली दहा वर्षं मी टीम मॅनेजमेंटची ट्रेनिंग्ज घेतोय. 'स्पेस वापरा, शेजाऱ्याला पास द्या' हे इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेलं नाही.

मी कोकणात असायचो. म्हणजे लेफ्ट बॅक. म्हणजे खरं तर बाकावर. पळण्यात मी असा होतो की एसटी सुटली तर सुटलीच. पण सरांचा एक नियम होता. रोज प्रॅक्टिसला येणारा प्रत्येक पोरगा मॅचमध्ये खेळणार. पाच मिनिटं का होईना, खेळणार.

नववीत होतो. सुब्रतो कपची जिल्हा फेरी. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावानं १९६०पासून भरणारी ही शाळांची स्पर्धा. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत फायनल राउंडला दिल्ली. आमच्यापैकी कुणी कल्याणच्या पुढेही फारसं गेलेलं नव्हतं, त्यामुळे दिल्ली हा शब्द जरी उच्चारला तरी पोटात गुदगुल्या व्हायच्या. सेकंड हाफमध्ये आम्ही एक-शून्यनं पुढे. शेवटची दहा मिनिटं. सर वळले आणि मला म्हणाले, ''चल, ऊठ.''

पुढे काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. दोन गोल झाले. दोन्ही कोकणातून.

परतीच्या बसमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. कॅप्टननं सरांना तोंडावर विचारलं, ''सर, याला का टाकलं?'' सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, ''जूनपासून एक दिवस चुकवला नाही त्यानं. तुम्ही चुकवलेत.'' विषय संपला. मला त्या दिवशी सरांचा रागच आला होता. वाटलं, नसतं उठवलं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला जाऊच नये, असं ठरवून झोपलो. आणि सकाळी गेलो. का गेलो, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. ज्या जागी आपली सगळ्यात मोठी फजिती झाली, तिथं दुसऱ्या दिवशीही आपली जागा राखलेली असते, हे मला त्या मैदानानं शिकवलं. ऑफिसात एखादं प्रेझेंटेशन आडवं होतं, तेव्हा मी अजून त्याच भांडवलावर दुसऱ्या दिवशी लॉग-इन करतो.

आमच्यातला कुणी इंडियाला खेळला नाही. जिल्ह्यालासुद्धा नाही. सरांचा फोटो कुठल्या पेपरात आला नाही. या जूनमध्ये सर गेले. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी क्लायंट कॉलवर होतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप केलं, दोन हात जोडले आणि पुन्हा एक्सेल शीट उघडली. जवाहरबागेत जायला मला खोपटहून रिक्षानं दहा मिनिटंही लागली नसती. गेलो नाही. आणि त्यानंतर महिन्याभरात मी ती नोटीस लिहिली.

बाटलीवाल्या रात्री झोप येईना. डोक्यात एक बादली यायला लागली. गोलाच्या नव्हे, नागपूरच्या. सरांच्या नकाशात विदर्भ म्हणजे राइट विंग. खऱ्या विदर्भातही असेच एक सर निघाले. विजय बारसे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात ते खेळ शिकवायचे. २००१च्या पावसाळ्यात त्यांना झोपडपट्टीतली काही पोरं भर पावसात फुटकी प्लॅस्टिकची बादली लाथाडताना दिसली. हा माणूस थांबला आणि त्यानं पोरांना फुटबॉल दिला. पुढच्या वर्षी झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली, तर तब्बल १२८ टीम उभ्या राहिल्या! त्यातूनच 'स्लम सॉकर' उभं राहिलं. २०१४मध्ये 'सत्यमेव जयते'च्या तिसऱ्या सीझनमध्ये ते टीव्हीवर दिसले. ४ मार्च २०२२ला नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला आणि त्यांच्यावरून बेतलेल्या विजय बोराडेंच्या भूमिकेत अमिताभ बच्चन उभे राहिले.

थिएटरात मी टाळ्या वाजवल्या होत्या, शिट्टीसुद्धा मारली होती. पण त्या गोष्टीतली खरी भारी जागा मला आत्ता दिसली. बारसे सरांची पोरं ज्या होमलेस वर्ल्ड कपपर्यंत पोचली, त्या स्पर्धेची सुरुवात २००३मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्झला झाली. छोटं मैदान, एका बाजूला चारच खेळाडू. आणि नियम असा, की एक खेळाडू आयुष्यात एकदाच खेळणार. कितीही ग्रेट असला तरी पुढच्या वर्षी नाही, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची तरी पाळी. स्टार शोधणं हा तिथं उद्देशच नाही. बाकावरून उठवणं हा आहे. आमच्या भूगोलाच्या सरांनी ग्राट्झ नकाशात दाखवलं असेल, नसेल. पण नियम तोच लावला होता.

बादलीत फुटबॉल बघणारा एक माणूस आणि बाटलीत नियमभंग बघणारा दुसरा. दोघांपैकी मी कोण, हे वेगळं सांगायला नको.

सकाळी आईनं चहा पुढे ठेवत विचारलं, ''काय रे, खालची ती नोटीस तू लिहिलीस?'' मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. सरांसारखीच खिडकीबाहेर बघत राहिली. यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

पुढच्या मीटिंगला विषय मीच मांडला. संध्याकाळी पाच ते सात, मागच्या बाजूच्या गाड्या पुढे घ्यायच्या, मऊ बॉल, लहानांना आधी. बघण्यासारखा राडा झाला. ''काच फुटली तर?'' ''आज बॉल, उद्या डीजे!'' ''आणि आरसा तर तुझाच फुटला होता ना?'' मी म्हटलं, ''हो. म्हणूनच पुढच्या आरशाचे पैसेही मीच भरीन.'' चार विरुद्ध तीन मतांनी पास झालं. तेही एक महिना ट्रायलवर. फार मोठी क्रांती वगैरे नाही, बॉस. पण लॅमिनेट केलेली नोटीस मीच लावली होती, मीच काढली. टेप भिंतीचा रंग घेऊन निघाली. तो डाग अजून आहे.

गेल्या रविवारी दुकानातून फुटबॉल आणला आणि खाली गेलो. आधी माझ्या गाडीचे दोन्ही आरसे आत दुमडले. बाटलीवाला पोरगा म्हणाला, ''काका, गोलमध्ये उभे राहता?'' राहिलो. कोपऱ्यात एक गोलमटोल मुलगा कट्ट्यावर बसून नुसता बघत होता. त्याला म्हटलं, ''चल, ऊठ.'' तो उठला आणि डावीकडे जाऊन उभा राहिला. मॅच सुरू झाली. सगळी पोरं बॉलवर, मधमाश्यांसारखी. तो तिकडे एकटाच.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, ''अरे, देशावर काय जत्रा भरलीय? कोकण मोकळं आहे, कोकण!''

सगळी थांबली. माझ्याकडे बघायला लागली. मग बाटलीवाल्यानं विचारलं, ''काका, कोकण म्हणजे कुठली साइड?''

मी गोल सोडून पुढे आलो, गाडीच्या धुळीत बोटानं महाराष्ट्राचा नकाशा काढला आणि समजवायला लागलो.