वहीत होते ते कागदावर का नाही?

गेल्या हिवाळ्यात तासगावकडची एक मुलगी आपला 'सीव्ही' दाखवायला माझ्याकडे आली. माझी जुनी विद्यार्थिनी; आता सांगलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. एम.एस्सी.साठी आणि सुट्टीतल्या एका संशोधन प्रकल्पासाठी तिला अर्ज करायचा होता. "सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तेवढी भाषा बघा," म्हणाली. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराला हा मान बरा वाटला, हे कबूल करतो.

कागद तीन पानांचा होता. आरंभी ध्येय : आव्हानात्मक वातावरणात स्वतःच्या क्षमतांचा विकास करणे. हे ध्येय मी आजवर निदान पन्नास मुलांच्या कागदावर वाचले आहे. एकालाही त्याचा अर्थ सांगता आला नाही. मग वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, उंची. स्थळ पाहायला निघालेला कागद आणि शिकायला निघालेला कागद यांत आपल्याकडे फारसा फरक उरलेला नाही. वर गणपतीचे नाव घालायचे तेवढे राहिले होते! त्याखाली तेवीस प्रमाणपत्रे. योगदिनाची प्रश्नमंजूषा, जलदिनाची प्रश्नमंजूषा, अमुक वेबिनारला उपस्थिती. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, दहा प्रश्नांवर टिचक्या मारल्या की घरबसल्या प्रमाणपत्र येई. टाळेबंदी उठली, प्रमाणपत्रे काही थांबली नाहीत. आणि अगदी तळाशी : 'वरील सर्व माहिती खरी आहे.'

खरी होतीच. खोटे त्यात काही नव्हते; फक्त ती मुलगी त्यात कोठेच नव्हती.

चहा पिताना सहज द्राक्षांचा विषय निघाला. तिच्या अण्णांची दीड एकर बाग. आणि मग ही जी बोलू लागली! अकरावीपासून बागेची वही तीच लिहिते. एप्रिलची छाटणी कोणत्या तारखेला, ऑक्टोबरची कोणत्या, पाऊस कोणत्या रात्री पडला, डावणी आधी कोणत्या ओळीत दिसली, कोणते औषध मारल्यावर किती दिवसांनी भुरी पुन्हा आली. पाच हंगामांच्या नोंदी! बांधाकडच्या ओळींत डावणी दरवर्षी दोन-तीन दिवस आधी का येते, याबद्दल तिचा स्वतःचा एक तर्कही होता. सकाळचे ऊन तिथे उशिरा पोचते, पाने ओली राहतात.

"हे कागदावर का नाही?" मी विचारले.

"सर, ते घरचं काम. त्याचं सर्टिफिकेट कुठं असतंय?"

वाचकहो, हे वाक्य तिचे नव्हे. ते आम्ही मास्तरांनी तिच्या तोंडी घातले आहे. सहभागाबद्दलच्या कोऱ्या प्रमाणपत्रांवर गठ्ठ्याने सह्या करणाऱ्यांत मीही आहे. नावे नंतर भरली जातात. मोठ्या शाळांत हेच मोठ्या प्रमाणावर चालते. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी संशोधनपत्रिका निघावी, विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यावर उपाय म्हणून २०१८ साली चांगल्या नियतकालिकांची यादी करण्याचे ठरवावे, आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद करावी! प्राध्यापकच असे कागद गोळा करीत असतील, तर पोरांनी का करू नयेत?

आणि हे घडते कोठे? भाऊराव पाटलांच्या मुलखात! १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे ती साताऱ्यास आली, आणि १९४७ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. त्या वसतिगृहांत मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत आणि त्यातूनच शिकत. 'कमवा आणि शिका' हे तिथे भिंतीवर टांगायचे वाक्य नव्हते, दिवसाचे वेळापत्रक होते. त्याच कृष्णाकाठची ही मुलगी अण्णांच्या बागेत केलेले काम लाजून वगळते, आणि जलदिनाची टिचकी मिरवते.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या जुन्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची एक नोंद आहे : भिवा रामजी आंबेडकर, पहिली इंग्रजी. आपल्या राज्यात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या पोराला वर्गात सर्वांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागत होते. रजिस्टरात त्याबद्दल चकार शब्द नाही. ते बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिले, म्हणून आपल्याला कळते. रजिस्टर लिहिणारा आपले लिहीत नाही, ते आपणच लिहायचे असते.

यावर मला ठरलेले उत्तर मिळते : "सर, स्पर्धा आहे. पुण्या-मुंबईची पोरं पानंच्या पानं भरतात." भरू देत की. तेवीस प्रमाणपत्रांवर मुलाखतीत एक प्रश्न निघत नाही. बांधाकडच्या त्या ओळींवर अर्धा तास निघेल. ज्या ओळीवर प्रश्न आला तर घाम फुटेल, ती ओळ खोडावी. धर्म, उंची, फोटो कोणी मागितल्याखेरीज देऊ नयेत. ताजे आधी, जुने मागून, आणि दोन पानांत आटपावे. झाले, एवढेच माझे शास्त्र.

अपयशाचे काय, असेही पोरे विचारतात. २०१० साली मेलनी स्टीफन नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी 'नेचर'मध्ये सुचवले की नाकारलेल्या अर्जांचाही एक सीव्ही ठेवावा. २०१६ मध्ये प्रिन्स्टनच्या योहानेस हाउसहोफर या प्राध्यापकाने आपला तसा कागद जाहीर केला आणि जगभर वाहवा झाली. प्रिन्स्टनची खुर्ची बुडाखाली असली की अपयशही शोभून दिसते. आमच्या पोराला ती चैन परवडणार नाही. पण आजारी बापासाठी वर्ष बुडाले असेल, तर ते एका ओळीत सरळ लिहावे. रिकामी जागा पाहून वाचणारा भलतेच काही कल्पितो.

"खांडेकर तरी कुठे पदवीधर होते?" असेही कोणी कोणी मला सुनावते. खरे आहे. सांगलीत जन्मलेला, पदवीवाचून शिरोड्यास मास्तरकी केलेला माणूस, १९७४ चे ज्ञानपीठ घेऊन गेला. मीही या दाखल्यावर बरीच वर्षे काढली. पण तो आळशांचा आधार आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या खिडकीवर तो चालत नाही. पोरीला पदवी हवीच आहे, आणि मिळायलाही हवी.

तिने कागद नव्याने लिहिला. दीड पान झाले. 'पाच हंगामांच्या रोगनोंदी, दीड एकर द्राक्षबाग, स्वतःच्या हाताने' ही ओळ शिक्षणाच्या लगेच खाली आली. प्रमाणपत्रे दोन उरली. मग ती शिफारसीच्या जागेवर अडली.

"नाव कुणाचं घालू, सर? वहीतलं सगळं फक्त अण्णांना माहीत. आणि अण्णा सातवी."

मी म्हणालो, "वही प्राध्यापकांच्या टेबलावर ठेव. आठ दिवस त्यांना वाचू दे. मग विचार, तुमचं नाव घालू का म्हणून."

"वहीवर औषधाचे डाग आहेत, सर."

"असू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ती सांगलीच्या एस.टी.त बसली.